डीव्हीडी रेकॉर्डर : मोड कुठला लावायचा, डिस्क कुठली घ्यायची

डीव्हीडी रेकॉर्डर म्हणजे टीव्ही, व्हीसीआर किंवा हँडीकॅममधून येणारं चित्र थेट डीव्हीडीवर उतरवून घेणारं घरगुती मशीन, मधे कॉम्प्युटर लागत नाही. पायोनियरने १९९९ च्या शेवटी जपानमध्ये असा पहिला रेकॉर्डर विकायला काढला, मग पुढची काही वर्षं तो हळूहळू व्हीसीआरच्या जागी बसत गेला. आपल्याकडे केबल डिजिटल झाली, मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर, तेव्हा मशीनमधला ॲनालॉग ट्यूनर (जुन्या केबलचे चॅनल पकडणारा भाग) कामातूनच गेला. त्यानंतर सेटटॉप बॉक्समधून पिवळी-पांढरी-लाल वायर जोडायची आणि बॉक्स त्याच चॅनलवर चालू ठेवून टायमर लावायचा, असा प्रकार सुरू झाला. आज ज्यांच्याकडे हे मशीन चालू आहे ते बहुतेक एकाच कामाला वापरतात, लग्नामुंजीच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी वाचवायला, म्हणून इथे मुख्यतः त्याच कामाचा विचार केलाय.

मोड म्हणजे काय तर डिस्कवरची जागा किती वेळात संपवायची ते. साध्या डिस्कवर ४.७ जीबी बसतं, ते बदलत नाही. एक्सपी (काही कंपन्या एचक्यू म्हणतात) मध्ये १ तास, एसपीत २, एलपीत ४ आणि ईपीत ६ तास, काही मशीनवर ८ सुद्धा. हिशोब सरळ आहे, २ तासाला सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, ४ तासाला २.६ आणि ६ तासाला जेमतेम पावणेदोन. एवढ्याशा जागेत एमपेग-२ ला (डीव्हीडीवर चित्र दाबून साठवायची पद्धत) पूर्ण ७२० बाय ५७६ पिक्सेलचं पाल (आपली टीव्ही पद्धत) चित्र बसवता येत नाही, मग बरीच मशीन्स एलपीत रुंदी निम्मी करून ३५२ पिक्सेलवर आणतात आणि ईपीत उंचीही निम्मी, म्हणजे ३५२ बाय २८८.

आता इथे लोक चुकीचा निष्कर्ष काढतात. व्हीएचएसमध्ये मुळात आडव्या दिशेने २४० ओळींच्या आसपासच तपशील असतो, त्यामुळे ३५२ रुंदी कागदावर पुरायला हवी, मग एलपी लावून मोकळे व्हा असं कुणीतरी सांगतं. पण जुन्या कॅसेटमध्ये तपशील कमी असला तरी मुंग्या (चित्रात वळवळणारे ठिपके) भरपूर असतात आणि एमपेगला त्या मुंग्या म्हणजे सतत बदलणारं चित्र वाटतं, अर्धे बिट तिथेच खर्च होतात. त्यात घरातली कॅसेट बहुतेक वेळा शूटिंगवाल्याने मिक्सिंग करून दिलेली कॉपी असते, मूळ टेप नव्हेच. ईपीत केलेल्या लग्नाच्या डिस्कवर अंतरपाट धरलाय तोवर सगळं ठीक दिसतं, भटजी स्पष्ट, मुंडावळ्या स्पष्ट, आणि तो बाजूला होऊन अक्षता उडाल्या, कॅमेरा हलला, व्हिडिओ लाइट तोंडावर आला की नेमक्या त्याच क्षणी सगळं चित्र चौकोनाचौकोनांत फुटतं. जो क्षण बघायला कॅसेट जपली तोच खराब होतो, म्हणून ईपी लग्नाला कधीच लावू नये, अगदी डिस्क वाचवायच्या असल्या तरी.

एक्सपी सगळ्यात भारी म्हणून सरसकट लावणं पण बरोबर नाही. फार खराब, मुंग्यांनी भरलेल्या टेपला किंवा मिनीडीव्हीसारख्या (हँडीकॅमची छोटी डिजिटल कॅसेट) चांगल्या सोर्सला ते शोभतं. एक्सपीत बऱ्याच मशीनवर आवाजाला एलपीसीएम (न दाबलेला आवाज) निवडता येतं, पण ते एकटंच दीड मेगाबिट खातं, डॉल्बी डिजिटल (दाबलेला आवाज) पाव मेगाबिटच्या आसपास भागवतं. व्हीएचएसच्या सनई-चौघड्यासाठी डॉल्बी पुरेसं आहे, वाचलेले बिट चित्राला मिळू देत.

खरी अडचण येते ती ३ तासांच्या ई-१८० कॅसेटची. एसपीत २ तासच बसतात आणि डिस्क नेमकी विहीण बसलेली असताना संपते. यासाठी अनेक मशीनमध्ये एफआर म्हणजे फ्लेक्सिबल मोड असतो, त्यात वेळ आपण सांगायची आणि मशीन बिटरेट (सेकंदाला किती बिट) ठरवतं. ३ तासाला साडेतीनच्या आत मेगाबिट येतात, टेप स्वच्छ असेल तर चित्र चांगलं येतं. कॅसेटवर १८० लिहिलं असलं तरी टेप दोनचार मिनिटं जास्त निघते म्हणून ३ तास ५ मिनिटं सांगावं. टेप मुंग्यांची असेल तर सरळ दोन डिस्क कराव्यात, सीमांतपूजन ते मंगलाष्टकं एकीवर आणि जेवणावळ, वरात दुसरीवर. ८.५ जीबीच्या डबल लेयर डिस्कवर एसपीत साडेतीन तास बसतात खरे, पण त्या महाग आणि प्रत्येक मशीन त्यावर थेट रेकॉर्ड करत नाही. हार्डडिस्कवालं मशीन असेल तर प्रश्नच नाही, आधी तिथे घ्यायचं, कोरा भाग कापायचा आणि मग हायस्पीड डबिंगने उतरवायचं, त्यात पुन्हा कॉम्प्रेशन होत नाही म्हणून दर्जा तोच राहतो.

कधीकधी घरच्याच कॅसेटला मशीन कॉपी प्रोटेक्टेड म्हणून नकार देतं. सिनेमाच्या विकतच्या कॅसेटवर तो सिग्नल मुद्दाम असतो, झिजलेल्या टेपचा डळमळीत सिग्नल मशीनला तसाच वाटतो. व्हीसीआरचं ट्रॅकिंग नीट लावून, हेड साफ करून परत बघावं. कोकणात, मुंबईत टेपवर पांढरी बुरशी धरते, ती साफ न करता कॅसेट घालायचीच नाही, हेड बरबटतात आणि पुढच्या कॅसेटलाही लागतं.

डिस्कचं बघायचं तर डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर एकदाच लिहिता येतात, आरडब्ल्यू साधारण हजार वेळा आणि पॅनासॉनिकने चालवलेली डीव्हीडी-रॅम लाखभर वेळा, पण रॅम साध्या प्लेअरमध्ये सहसा चालत नाही. प्लस आणि माइनस हे दोन वेगळ्या गटांचे फॉरमॅट, मशीनवर लिहिलेलं बघूनच घ्यायचं. जुन्या प्लेअरला माइनस आर सगळ्यात जास्त मानवते. आरडब्ल्यूचा पृष्ठभाग कमी प्रकाश परत करतो म्हणून काही प्लेअर ती वाचत नाहीत, ती चाचणीला आणि रोजच्या मालिकेला ठेवावी. माइनस आरडब्ल्यूवर व्हीआर मोड असतो त्यात हवं तिथे कापता येतं, पण नातेवाइकांना वाटायची डिस्क साध्या प्लेअरला चालणाऱ्या व्हिडिओ मोडमध्येच करावी. अमेरिकेतल्या नातेवाइकांचं आणखी एक, तिथली टीव्ही पद्धत एनटीएससी, आपल्या पाल डिस्क तिथले बरेच प्लेअर घेत नाहीत, उलट त्यांच्या डिस्क आपल्याकडे बहुतेक चालतात.

मोड चुकला तर त्याच संध्याकाळी दिसतं, डिस्क चुकली तर काही वर्षांनी कळतं आणि तोवर कॅसेट टाकून दिलेली असते. म्हणून पैसे डिस्कवर घालावेत. लिहिण्यायोग्य डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन, उष्णता आणि दमटपणाने बिघडतो. व्हर्बाटिमची ॲझो डाय (त्यांचं खास रंगद्रव्य) आणि जपानच्या ताइयो युदेनच्या डिस्कना हौशी लोकांत मान होता, ताइयो युदेनने २०१५ मध्ये हा धंदा सोडला. आपल्याकडे मोझर बेअर घरोघरी होती, ती कंपनीही बंद पडली, त्यामुळे आज दुकानात मिळणारा जुना साठा आधी एक डिस्क करून तपासावा. लिहिणं आतून बाहेर होतं आणि चुका बाहेरच्या कडेला जास्त सापडतात, तेव्हा शेवटची पाचदहा मिनिटं मोकळी सोडलेली बरी.

रेकॉर्डिंग झालं की फायनलाइज करायलाच हवं, म्हणजे दुसऱ्या प्लेअरना वाचता यावी अशी डिस्क मशीनकडून पक्की करून घ्यायची, प्लस आरडब्ल्यू आणि रॅम सोडून. ते न केलेली डिस्क त्याच मशीनवर चालते आणि मशीन मेलं की डिस्क कोरीच दिसते. नंतर दुसऱ्या प्लेअरवर शेवटपर्यंत पळवून बघायची, वर कागदी लेबल न चिकटवता सीडी मार्करने लिहायचं आणि उभी ठेवायची. कॉम्प्युटरवर व्हीओबी (डिस्कवरच्या चित्र-आवाजाच्या) फाइल्स नुसत्या कॉपी केल्या तरी दर्जा जात नाही, पण पूर्ण डिस्कची आयएसओ (अख्ख्या डिस्कची हुबेहूब एकच फाइल) करून दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवली की पुढे कधीही मेनू आणि चॅप्टरसकट तीच डिस्क परत बर्न करता येते.