श्टाइफ

मऊ, भरीव कापडी खेळणी बनवणारा जर्मन कारखाना. स्थापना १८८०. दक्षिण जर्मनीत ब्रेन्त्स नदीकाठच्या गिंगेन या लहानशा गावी तो आजही आहे. टेडी बेअरच्या इतिहासात त्याचे नाव अगदी सुरुवातीला येते.

संस्थापक मार्गारेटे श्टाइफ (१८४७–१९०९) यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय लुळे पडले, उजवा हातही नीट उचलेना. भावंडे आणि शेजारची मुले त्यांना हातगाडीत बसवून शाळेत नेत. पुढे त्यांनी शिवणकाम शिकून घेतले. शिवणयंत्राचे चाक उजव्या बाजूला असते. मार्गारेटे यांनी यंत्रच उलटे फिरवून घेतले आणि डाव्या हाताने चाक चालवले. सारा कारखाना या जिद्दीवर उभा राहिला.

सुरुवातीला त्या फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी नमद्याचे, कपडे शिवून विकत. एका मासिकातला नमुना पाहून त्यांनी टाचण्या खोचायला हत्तीच्या आकाराची गादी केली. टाचण्या बाजूलाच राहिल्या, मुले हत्तीशी खेळू लागली! १८८६ पर्यंत असे पाच हजारांहून अधिक हत्ती विकले गेले. मागोमाग माकडे, गाढवे, उंट आले. त्या काळच्या महागड्या बाहुल्यांचे डोके चिनीमातीचे असे. हातातून निसटली की संपली. कुशीत घेऊन झोपावे असे खेळणे मुलांना मिळाले, ही श्टाइफची खरी देणगी होय.

पुतण्या रिखार्ड श्टाइफ श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात तासन्‌तास अस्वलांची रेखाटने करी. त्यातून १९०२ मध्ये हातपाय हलणारे अस्वल तयार झाले. त्याचे नाव ‘५५ पीबी’ : उंची ५५ सेंटिमीटर, ‘पी’ म्हणजे प्लश, म्हणजे मऊ केसाळ कापड, ‘बी’ म्हणजे हलते अवयव. कातडे मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचे. आत लाकडाचा बारीक कीस ठासून भरलेला. १९०३ च्या लाइप्त्सिक जत्रेत एका अमेरिकी खरेदीदाराने ३,००० नग मागवले. त्याच सुमारास, अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर (‘टेडी’) रूझवेल्ट यांनी बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायचे नाकारल्यावरून, न्यूयॉर्कमध्ये दुकानदार मॉरिस मिच्टम यांनीही ‘टेडी’ विकायला काढला होता. पहिला मान कोणाचा हा वाद अजून चालतो. दोघांनी एकमेकांचे पाहून केले नाही, एवढे म्हणणे रास्त. १९०७ या एका वर्षात गिंगेनमध्ये ९,७४,००० अस्वले शिवली गेली.

शिवणाऱ्या मुलींना भरपूर उजेड मिळावा म्हणून १९०३ मध्ये लोखंड व काच यांची तीन मजली इमारत बांधली. आधुनिक वास्तुकलेच्या अभ्यासकांना ती आजही महत्त्वाची वाटते. गावकऱ्यांनी तिला नाव दिले ‘कुमारिकांचे मत्स्यालय’. मार्गारेटे यांची चाकाची खुर्ची वर जावी म्हणून उतरणीचे मार्गही केले होते.

नकला वाढल्या तेव्हा १९०४ पासून प्रत्येक प्राण्याच्या डाव्या कानात धातूचे बटण ठोकले जाऊ लागले. ती खूण अजून तशीच आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही उत्पादन चीनला गेले होते, ते परत आणायचे २००८ मध्ये ठरले. कारण डोळा एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी चेहऱ्याचा भाव बिघडतो आणि तो हात बसायला महिनोन्‌महिने लागतात.

१९०४ च्या सुमाराचे ‘टेडी गर्ल’ हे श्टाइफ अस्वल १९९४ मध्ये लंडनच्या लिलावात १,१०,००० पौंडांना गेले. एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ते बाळपणापासून जपून ठेवले होते.