स्नोबोर्डचा बाक

स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याची फळी. रिकामा स्नोबोर्ड सपाट फरशीवर ठेवून बाजूने, डोळे फरशीच्या पातळीवर आणून पाहिला की त्याच्या तळाची जी रेषा दिसते, तिला बोर्डाचा बाक किंवा प्रोफाइल म्हणतात. दीड मीटर लांबीच्या फळीत हा बाक मोजक्या मिलिमीटरांचा असतो. तरीही घट्ट बर्फावर कड धरून राहणे, सहज फिरणे, मऊ बर्फावर तरंगणे या सगळ्यावर त्याची छाप पडते, कारण स्वाराचे वजन कडेच्या कोणत्या भागावर किती उतरायचे हे बाकावरून ठरते. वरून दिसणारा आकार, म्हणजे बाह्यरेषा, ही वेगळी गोष्ट आहे. मात्र बर्फावर दोन्हींचा परिणाम एकत्रच जाणवतो.

जुना आणि अजूनही सर्वाधिक भरवशाचा बाक म्हणजे कॅम्बर. यात बोर्ड पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ टेकतो आणि मधला भाग साधारण ५ ते १० मिमी उचललेला राहतो. स्वार उभा राहिला की ही कमान दबून सपाट होते, पण मालमोटारीच्या पाट्याच्या स्प्रिंगप्रमाणे ती परत उठू पाहते. त्या जोराने टोकांजवळची कड बर्फात दाबलेली राहते. रॉकर याच्या उलट असतो. बोर्ड मध्यभागी टेकतो आणि दोन्ही टोके पायांच्या आसपासपासूनच वर उचलत जातात. सपाट बाकात टेकण्याच्या दोन रेषांमध्ये कमानही नसते आणि उठावही नसतो.

आकडे मांडले की फरक लख्ख दिसतो. बोर्डाची धातूची कड वरून पाहता आत वळलेली असते. या चापाला साइडकट म्हणतात आणि सर्वसाधारण बोर्डांत त्याची त्रिज्या ६ ते ९ मीटर असते. कडेची परिणामकारक, म्हणजे वळताना बर्फाला टेकणारी, लांबी १२० सेंमी आणि त्रिज्या ८ मीटर धरली, तर बोर्डाची कंबर, म्हणजे मधला अरुंद भाग, टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून सुमारे २२ मिमी आत येते. बोर्ड ४५ अंशांत कलवल्यावर कमरेजवळची कडही बर्फाला टेकायची असेल, तर त्याला मधोमध तितकेच, २२ मिमी, वाकावे लागते. ८ मिमी कॅम्बरचा बोर्ड आपल्या मूळ आकारापासून एकूण ३० मिमी वाकतो, तर मध्ये ५ मिमी रॉकर असलेल्याला १७ मिमी पुरतात. दोन्हींचा ताठरपणा सारखा असेल, तर पहिल्यातला ताण पावणेदोन पट होतो. कडेच्या टोकांना बर्फात दाबणारा जोर या ताणातूनच येतो. कॅम्बर ‘धरतो’ असे स्वार म्हणतात ते यामुळेच. वळणाअखेर बोर्ड उसळून पुढच्या वळणात ढकलतो, उडी घेताना शेपटीतून, म्हणजे मागच्या टोकातून, जोर मिळतो, तोही याच साठलेल्या ताणाचा.

हीच पकड शिकाऊ स्वाराला भोवते. बोर्ड आडवा घसरत असताना जरा सपाट झाला, की उताराकडच्या कडेची टोके बर्फात रुततात आणि स्वार उताराच्या दिशेने आपटतो. टाचेकडची कड रुतली तर डोक्याची मागची बाजू आदळते, म्हणून हेल्मेट हवेच. रॉकरमध्ये ही टोके उचललेली असल्याने रुतण्याचा प्रसंग कमी येतो, पूर्णपणे टळत नाही. शिवाय बोर्ड पायाखाली सहज गरगरतो. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. तळ सपाट ठेवून सरळ जाताना बोर्ड डावीउजवीकडे भरकटतो, आणि निबर बर्फावर वजन पायांच्या मधल्या कडेवर एकवटल्याने शेपूट सुटते. मोठ्या उडीवरून उतरताना वजन किंचित मागे पडले, तर रॉकरची शेपूट सावरून धरत नाही. दोन्ही बाकांत खात्रीचा उपाय एकच आहे: सरळ जातानाही कोणती तरी एक कड अंशभर लावलेली ठेवणे.

स्नोबोर्डला कॅम्बर आला तो स्कीकडून. शर्मन पॉपेन यांनी १९६५ मध्ये दोन स्की जोडून ‘स्नर्फर’ ही स्नोबोर्डची पूर्वज फळी केली, तिथपासून या खेळाची साधने स्कीच्या घडणीशी बांधलेली होती. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कीपटू शेन मॅकॉन्की यांच्या कल्पनेतून आलेल्या ‘स्पॅट्युला’ या स्कीने उलटा बाक मऊ बर्फात किती उपयोगी ठरतो हे दाखवले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात लिब टेक कंपनीच्या ‘स्केट बनाना’ या बोर्डाने रॉकर सामान्य स्नोबोर्डस्वारापर्यंत पोचवला.

आज विकले जाणारे बरेच बोर्ड मिश्र बाकाचे असतात, आणि इथे नावांनी हमखास घोटाळा होतो. पायांच्या मध्ये रॉकर आणि प्रत्येक पायाखाली छोटा कॅम्बर ही एक जात. तिचा स्वभाव मोकळा असतो, पकड पायांखाली जाणवते. पायांच्या मध्ये व पायांखाली कॅम्बर आणि फक्त टोकांकडे रॉकर ही दुसरी जात. ती चालवायला कॅम्बरच्या जवळची, फक्त टोके कमी अडकणारी. दोन्हींना सर्रास ‘हायब्रिड’ म्हणतात, पण चालवताना त्यांचे काहीच साम्य जाणवत नाही. बोर्ड निवडताना नावापेक्षा बाकाची आकृती पाहावी. तिसरा मार्ग बॅटेलियन कंपनीच्या बोर्डांत दिसतो. लांबीच्या दिशेने कॅम्बर कायम ठेवून टोकांकडे तळाच्या फक्त बाजू वर वळवलेल्या असतात. त्यामुळे बोर्ड सपाट असताना कड हवेत आणि कलवल्यावर बर्फात, असे होते.

खोल मऊ बर्फात, म्हणजे पावडरमध्ये, कडेचा फारसा संबंध उरत नाही. नाक, म्हणजे पुढचे टोक, वर राहिले पाहिजे. पूर्ण कॅम्बरच्या बोर्डाचे नाक खाली जाऊ नये म्हणून स्वार सतत मागे रेलतो आणि थोड्याच वेळात मागच्या पायाची मांडी भरून येते. उपाय तीन आहेत: नाकात लांब रॉकर, बाइंडिंगची, म्हणजे बूट बोर्डाला बांधणाऱ्या पकडींची, जागा मध्यापासून मागे सरकवणे, आणि टेपर, म्हणजे शेपूट नाकापेक्षा ५ ते २५ मिमी अरुंद ठेवणे. अरुंद शेपूट आपोआप खाली बसते आणि नाक उचलले जाते. असा बोर्ड उलटा, शेपूट पुढे करून चालवणे मात्र जड जाते. दोन्ही दिशांना चालवायचे असेल तर नाक-शेपूट सारखी असलेला ‘ट्विन’ घ्यावा.

साइडकटची त्रिज्या जितकी लहान तितके वळण आखूड. निबर बर्फावर वळणाची त्रिज्या म्हणजे साइडकटची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाचा कोसाइन. ८ मीटरचा बोर्ड ६० अंशांत कलवला की ४ मीटरचे वळण कापतो.

हे सारे स्वाराच्या वजनाशी जुळले तरच खरे. हलका स्वार ताठ कॅम्बरवर उभा राहिला तर कमान पुरती दबत नाही, मधली कड हलकी राहते आणि बोर्ड वळायलाच तयार होत नाही. अशा वेळी दोष तंत्रात शोधला जातो, पण असतो तो बोर्डाच्या निवडीत.

घरी बाक तपासायचा तर आधी बाइंडिंग काढावे, कारण त्यांच्या वजनानेही कमान दबते. बोर्ड सपाट फरशीवर ठेवून टोकाकडून तळाखाली कागदाची पट्टी सरकवावी आणि ती अडते तिथे पेन्सिलीने खूण करावी. मग दोन बाइंडिंगच्या जागांमधोमध तळव्याने दाबून पुन्हा पट्टी सरकवावी. कॅम्बर असेल तर दाबल्यावर खूण मध्याकडे सरकते. नव्या बोर्डाची मधली उंची मोजून लिहून ठेवली की पुढे तुलना करता येते.

टोके बर्फात रुतू नयेत म्हणून त्यांची कड बोथट करताना या खुणा कामी येतात. कॅम्बरमध्ये खुणेच्या बाहेरची, टोकाकडची कडच रबरी घासदगडाने बोथट करावी. दगड खुणेच्या आत गेला की पकड जाते आणि धार पुन्हा घासून काढावी लागते. रॉकरमध्ये दाबण्याआधीची खूण पायांच्या मध्येच पडते, तिच्यावर विसंबून कड घासली तर कामाची जवळजवळ सगळी धार जाईल. तिथे कलवलेल्या स्थितीत टेकणारी कड गृहीत धरावी. हंगाम संपल्यावर दोन बोर्ड तळाला तळ लावून ठेवायचे असतील तर पट्टा सैल बांधावा. वापराने आतले लाकूड आणि काचतंतूचे थर थकत जातात आणि कमान हळूहळू बसते. बसलेली कमान कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही.