इलेक्ट्रिक फुटबॉल : खेळ, जुने संच आणि त्यांचा संग्रह

इलेक्ट्रिक फुटबॉल हा थरथरणाऱ्या पत्र्यावर खेळायचा अमेरिकी टेबल-खेळ. नावातला फुटबॉल म्हणजे गोल चेंडूला लाथ मारायचा आपल्या ओळखीचा खेळ नव्हे. लांबट चेंडू काखेत धरून धावायचा आणि समोरच्याने अंगावर जाऊन अडवायचा, तो अमेरिकन फुटबॉल. 100 यार्डांचे मैदान पत्र्यावर छापलेले असते. दोन्ही बाजू अकरा-अकरा प्लास्टिकचे खेळाडू मांडतात. बटण दाबले की पत्रा घोंघावत थरथरू लागतो आणि बावीसच्या बावीस खेळाडू एकदम चालू लागतात. प्रत्येक खेळाडू बेसवर, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या बैठकीवर, उभा असतो. बचाव करणाऱ्याचा बेस चेंडूवाल्याच्या बेसला टेकला की बटण बंद करायचे. चेंडूवाला जिथे थांबला तिथून पुढची मांडणी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, हा मूळ खेळाचाच नियम इथेही चालतो. पळापळ काही सेकंदांची असते. डोके लागते ते मांडणीला.

यंत्रणा

पत्र्याखाली एक विद्युतचुंबक बसवलेला असतो. अमेरिकेतला घरगुती वीजपुरवठा साधारण 120 व्होल्टचा आणि 60 हर्ट्झचा. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात चुंबक समोरची लोखंडी पट्टी दोनदा ओढतो, म्हणजे सेकंदाला 120 वेळा. ही थरथर पत्र्यात उतरते. चुंबक आणि पट्टी यांच्यातली फट कमी-जास्त करण्यासाठी एक स्क्रू असतो. वेग ठरतो तो त्याच स्क्रूने. फट फार मोठी राहिली तर खेळाडू जागच्या जागी कापत राहतात. ती फार लहान झाली तर पट्टी चुंबकावर आपटते, आवाज कर्कश होतो आणि खेळाडू कोलमडतात. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये.

पण खेळाचा खरा जीव आहे बेसखालच्या प्लास्टिकच्या बारीक पायांत. हे पाय मागच्या बाजूला किंचित कललेले असतात. पत्रा वर आला की ते वाकतात आणि सरळ होताना बेसला पुढे ढकलतात. डाव्या बाजूचे पाय जास्त जोर लावत असतील तर खेळाडू उजवीकडे वळतो, उजव्या बाजूचे लावत असतील तर डावीकडे. केसाएवढ्या फरकाने खेळाडू सरळ जाण्याऐवजी गोल गोल फिरू लागतो. लहानपणी हा खेळ मिळालेल्या बहुतेकांच्या आठवणीत हेच फिरणे असते. दोष खेळाचा नव्हता, पाय जुळवलेले नव्हते.

इतिहास

न्यूयॉर्कची ट्युडर मेटल प्रॉडक्ट्स ही पत्र्याची खेळणी आणि खेळ बनवणारी कंपनी. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत अभियांत्रिकी शिकलेले नॉर्मन सॅस 1948 मध्ये तिचे अध्यक्ष झाले. कंपनीकडे थरथरत्या पत्र्यावरचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आधीपासून होता. तीच युक्ती सॅस यांनी फुटबॉलला लावली आणि 1949 मध्ये मॉडेल 500 बाजारात आले. त्यातले खेळाडू चपटे होते. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कचीच गॉथम प्रेस्ड स्टील ही कंपनी स्पर्धेत उतरली. पत्र्याच्या प्रेक्षक-सज्जांमुळे तिचे संच आजही लांबून ओळखू येतात.

औद्योगिक डिझायनर ली पेन ट्युडरसाठी काम करू लागले आणि 1960 च्या दशकात खेळाचे रूप पालटले. चपट्या आकृत्यांच्या जागी अंगापिंडाने भरलेले, धावण्याच्या आणि अडवण्याच्या पवित्र्यातले खेळाडू आले. 1967 मध्ये ट्युडरने एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, परवान्याखाली संच काढले. खऱ्या संघांच्या रंगांतले हे खेळाडू हाँगकाँगमध्ये रंगवले जात आणि आवडता संघ टपालाने वेगळा मागवता येई. त्या काळातल्या पाच पवित्र्यांना संग्राहक ‘फॅब फाइव्ह’ म्हणतात. सिअर्स या दुकानसाखळीच्या नाताळ कॅटलॉगमधून हा खेळ अमेरिकेत घरोघर पोचला. कोलेकोसारख्या कंपन्यांनीही आपापले संच काढले.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ट्युडरने दिशा ठरवता येणारा ‘टोटल टीम कंट्रोल’ बेस आणला. त्याच्या पोटाशी एक चकती असते. ती फिरवली की खेळाडू डावीकडे, उजवीकडे किंवा सरळ जातो. 1977 मध्ये मॅटेलचा हातात मावणारा, लाल दिव्यांचा इलेक्ट्रॉनिक फुटबॉल आला, मागोमाग व्हिडिओ गेम आले आणि थरथरता पत्रा मागे पडला. 1990 च्या दशकात मिगल टॉइज या कंपनीने तो जिवंत ठेवला. 2012 मध्ये मालकी बदलली आणि ट्युडर गेम्स हे नाव परत आले. सॅस त्याच वर्षी वारले. नवे संच आजही निघतात, पण संग्राहकांचा ओढा 1960 आणि 1970 च्या दशकांतल्या संचांकडे आहे, आणि तो रास्त आहे: पत्र्यावरची छपाई आणि खेळाडूंचे घडीव काम त्या काळात सर्वांत कसदार होते.

संच पारखताना

आधी नावाचा घोटाळा दूर करावा. मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक इथल्या जिम प्रेंटिस यांच्या कंपनीचाही ‘इलेक्ट्रिक फुटबॉल’ होता. त्यात थरथर नाही. बॅटरीवर दिवे लागतात. खोक्यावरचे नाव वाचून घेतला तर भलताच खेळ घरी येतो.

संचात हरवतात ते छोटे भाग. तपासताना मैदान शेवटी पाहावे. आधी फेल्टचे किंवा फोमचे चेंडू मोजावेत, मग गोलखांब, धावफलक, खेळाडूंवर चिकटवायच्या अंकांचे कागद आणि ‘ट्रिपल थ्रेट’ क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. हा क्वार्टरबॅक खेळाडूंमध्ये सर्वांत मोठा असतो. त्याचा हात मागे ओढून सोडला की चेंडू उडतो आणि ज्या सहकाऱ्याला लागेल त्याच्याकडे पास पूर्ण झाला असे धरतात. हात तुटलेला क्वार्टरबॅक पुष्कळ मिळतो, धड हाताचा कमी. अंकांचा कागद न वापरलेला असेल तर तो तसाच जपावा.

रंगाबद्दल संग्राहकांचे मत ठाम आहे: मूळ रंग उडालेला असला तरी पुन्हा रंगवू नये. नव्या रंगाने खेळाडू देखणा होतो, पण तो कोणत्या साली, कोणत्या संघासाठी रंगवला होता हा पुरावा कायमचा पुसला जातो. खेळण्यासाठी रंगीत संघ हवा असेल तर नवे खेळाडू घेऊन रंगवावेत.

दुरुस्ती

जुना संच कधीही थेट प्लगात घालू नये. पत्र्याचे मैदान, चुंबकाची उघडी कॉइल आणि दोन तारांची, अर्थिंग नसलेली वायर अशी ही जोडणी आहे. पन्नास-साठ वर्षांत वायरचे आवरण कडक होऊन तडकते. तार पत्र्याला टेकली तर ज्या मैदानावर दोन मुले हात ठेवून बसली आहेत, त्याच मैदानात वीज येते. प्लग बाहेरच ठेवून खेळाचे बटण चालू करावे आणि मल्टिमीटरने आधी प्लगच्या दोन पिनांमध्ये सातत्य, म्हणजे विजेला सलग वाट आहे का, ते पाहावे. ते नसेल तर कॉइल जळालेली किंवा वायर तुटलेली आहे. मग प्रत्येक पिन आणि पत्रा यांच्यात पाहावे. तिथे कोणतेही सातत्य दिसता कामा नये. वायर जुनी असेल तर तपासणीत पास झाली तरी बदलावी.

खेळाडू सगळे मैदानाच्या एकाच कोपऱ्याकडे सरकत असतील तर पाय नव्हे, पातळी बिघडलेली असते. स्पिरिट लेव्हल ठेवून कोपऱ्याखाली कार्डाचे तुकडे सरकवावेत. सगळे मध्याकडे गोळा होत असतील तर पत्रा मधोमध खचला आहे. एखाद्याच जागी खेळाडू थबकत असतील तर त्या बाजूचे कडेचे स्क्रू किंवा घड्या सैल आहेत का ते पाहावे.

पाय जुळवण्यासाठी बेसमधून खेळाडू काढून घ्यावा. बेस गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून काचेवर हलक्या हाताने दाबला की वाकडे झालेले पाय सारखे टेकतात. नंतर मैदानावरच्या यार्डरेषेवर तो एकटाच चालवून कल पाहावा आणि बेस पुन्हा गरम पाण्यात बुडवून सपाट तोंडाच्या चिमट्याने एक-एक पाय जरासा वाकवावा. थंड प्लास्टिक वाकवले की पाय मोडतो, आणि मोडलेला पाय जोडता येत नाही. खेळाडूंच्या वजनालाही अर्थ आहे: जड खेळाडू समोरच्याला रेटतो, म्हणून स्पर्धांत वजनाची मर्यादा असते, चार ग्रॅमची मर्यादा सर्रास आढळते.

पत्र्यावरची छपाई कोरड्या, मऊ फडक्याने पुसावी. गंज दिसला की तारेची घासणी हातात घेण्याचा मोह होतो. तिने गंजाबरोबर छपाईही जाते.

230 व्होल्टवर

भारतात आणलेल्या संचासाठी 230 चे 110 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा, म्हणजे आयसोलेशन देणारा असावा. पण व्होल्टेज उतरवून काम संपत नाही. आपला पुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने कॉइलचा विरोध कमी पडतो, ती जास्त प्रवाह ओढते आणि तापते. 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची कॉइल 50 हर्ट्झवर 100 व्होल्टलाच मूळच्या तापमानाजवळ राहते. म्हणून ट्रान्सफॉर्मरनंतर डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हवे तेवढे कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, लावून व्होल्टेज 100 वर ठेवावे. पंख्याचा किंवा दिव्याचा रेग्युलेटर इथे चालत नाही. धक्के सेकंदाला 120 ऐवजी 100 बसतात, त्यामुळे अमेरिकेत जुळवलेले बेस इथे वेगळे चालतात आणि पुन्हा जुळवावे लागतात.

जपणूक

खोके उघडल्यावर पुष्कळदा एक विचित्र गोष्ट दिसते: गोलखांबावर किंवा खेळाडूच्या पाठीवर वायरच्या जाडीची, वितळल्यासारखी नागमोडी खाच. उष्णतेने ती पडलेली नसते. वायरच्या पीव्हीसी आवरणातले मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे टेकून राहिलेल्या कडक प्लास्टिकमध्ये उतरते आणि त्याला खाते. म्हणून वायर कागदात गुंडाळून वेगळी ठेवावी. खेळाडू बेसमधून काढून, आम्लरहित कागदात, एकमेकांना न टेकता ठेवावेत. मैदान आडवेच ठेवावे. कोकण किंवा मुंबईच्या पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्या दर महिन्याला बदलाव्यात; फेल्टच्या चेंडूला कसर लागते, तो झाकणाच्या छोट्या डबीत ठेवावा.