स्टॅबिलायझर कुठला: स्टेअरिंगचा की बारचा?

रत्नागिरीत स्पेअर पार्टच्या दुकानात ‘स्टॅबिलायझर द्या’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस दोन रबरी बुश आणि वीतभर लांबीची एक लिंक समोर ठेवतो. त्याचं काही चुकत नाही. आपल्याकडे स्टॅबिलायझर म्हणजे दोन चाकांच्या मधून आडवी गेलेली, टोकांना वाकवलेली पोलादी दांडी आणि तिच्या लिंका, बुश. पण मोबाईलवर अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघून तुम्ही ‘स्टेअरिंग स्टॅबिलायझर’ आणायला गेला असाल, तर तुम्हाला हवी असलेली वस्तू वेगळी आहे. ती दिसते आडव्या बसवलेल्या शॉकअपसारखी. जुने मिस्त्री तिला स्टेअरिंगचा डॅम्पर म्हणतात. फोनवर मागवताना ‘स्टेअरिंगचा’ हा शब्द आवर्जून जोडा, कारण आपल्या भागात नुसतं डॅम्पर म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चिऱ्याचा किंवा खडीचा डंपर उभा राहतो.

नाव एक, जागा जवळजवळ, आणि दोन्हींची जाहिरात ‘गाडी स्थिर ठेवते’ अशीच. म्हणून घोळ होतो. मात्र दोघांची कामं एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत.

स्टेअरिंगच्या डॅम्परचं एक टोक अ‍ॅक्सलला किंवा चासीला असतं, दुसरं टाय रॉडला (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारी दांडी) किंवा ड्रॅग लिंकला (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी). आत तेल, आणि बारीक भोकं असलेला पिस्टन. तुम्ही सावकाश स्टेअरिंग वळवता तेव्हा तेल त्या भोकांतून निवांत पलीकडे जातं आणि हाताला फारसं काही जाणवत नाही. चाक खड्ड्यात आपटून टाय रॉड झटक्यात हलला, की तेलाला तेवढ्या वेळात वाट मिळत नाही आणि डॅम्परची दांडी अडते. म्हणजे डॅम्परचा विरोध वेगावर ठरतो. चाक किती वळलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चाकं वळवून ठेवलीत तर साधा तेलाचा डॅम्पर ती सरळही करत नाही. ते काम किंग पिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या, मागे-पुढे असलेल्या कलाचं, म्हणजे कॅस्टरचं.

बारमध्ये, म्हणजे त्या आडव्या पोलादी दांडीत, तेल नाही, पिस्टन नाही. दोन्ही चाकं एकदम वर गेली, गतिरोधकावर जातात तशी, तर तो आपल्या बुशांमध्ये नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली झालं की त्याला पीळ बसतो, आणि तो पीळ सोडवण्यासाठी तो गाडीला पुन्हा समपातळीत ओढतो. इथे वेगाचा संबंध नाही, फरक किती इंच पडला त्याचा आहे.

आता हे रस्त्यावर बघा. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या टपापर्यंत रचून तुम्ही आंबा घाट चढताय. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, पेट्यांचं वजन उंचावर असल्यामुळे जरा जास्तच झुकते, आणि शेजारी बसलेला माणूस दाराला धरतो. हा झोका बारच्या खात्यातला. लिंक तुटली असेल, बुश झिजून सैल झाले असतील, किंवा बार मुळातच नसेल. इथे डॅम्पर कितीही भारी लावा, झोका तसूभर कमी होणार नाही. दुसरीकडे महामार्गावर ६०च्या आसपास वेग आहे, पुलाच्या सांध्यावर चाक आपटलं, आणि तिथून स्टेअरिंग हातात थडथड नाचायला लागलं. वेग पार खाली आणल्याशिवाय थांबेना. याला गॅरेजमध्ये शिमी किंवा वॉबल म्हणतात. इथे डॅम्परचं नाव निघतं, आणि नेमकी इथेच लोकांची फसगत होते. माझीही झाली.

मिरकरवाड्याहून कोल्हापूरला मासळी नेणारी आमची गाडी, पुढे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल. खड्ड्यानंतर स्टेअरिंग नाचायचं. एका गॅरेजवाल्याने जाडजूड गॅसचा डॅम्पर बसवला आणि थरथर त्याच दिवशी थांबली. मी खूश. चार महिन्यांनी ती परत आली, आणि आधीपेक्षा वाईट आली. तेव्हा हातखंब्याजवळ काम करणाऱ्या, मूळच्या कणकवलीच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. मी डॅम्पर बदलायचं बोलू लागताच ते म्हणाले, “पयले सांधे बघूक होये रे, मगे तुझो डॅम्पर.”

त्यांनी गाडी जॅकवर घेतलीच नाही. चाकांवर भार हवा, म्हणाले. इंजिन चालू ठेवून मला स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहायला सांगितलं आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली बसले. डाव्या टाय रॉड एंडचा, म्हणजे टाय रॉडच्या टोकाच्या सांध्याचा, गोळा आधी आपल्या वाटीतच हलत होता आणि मग चाक हलत होतं. तो थोडासा प्ले, म्हणजे ढिलेपणाच, सगळ्याचं मूळ. नव्या डॅम्परने चार महिने तो दाबून धरला होता, आणि त्या चार महिन्यांत सांधा आणखी झिजत गेला. मी ही गाडी दर आठवड्याला घाटात नेत होतो हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. टाय रॉड एंड पुरता निखळला असता तर चाक स्टेअरिंगच्या ताब्यात राहिलं नसतं.

म्हणून डॅम्पर घेण्याआधी टायरमधली हवा, बॅलन्सिंग, व्हील बेअरिंग, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, किंग पिन किंवा बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश आणि यू बोल्ट, स्टेअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, आणि शेवटी अलाइनमेंट, हे सगळं तपासून घ्या. यातलं काही खराब नसेल तर धडधाकट गाडी साध्या रस्त्यावर डॅम्परशिवायही नाचत नाही. डॅम्पर हा वरचा आधार आहे.

तुमच्या गाडीला तो लागतो का, हा वेगळा प्रश्न. व्हिडिओंमध्ये दिसतात त्या फोर्ड एफ-२५०, एफ-३५० किंवा राम २५०० यांच्या फोर बाय फोर गाड्यांना पुढे अख्खा अ‍ॅक्सल असतो, चाकं जड असतात. त्या अ‍ॅक्सलवर एक बाजू दुसऱ्या बाजूला बांधलेली असल्यामुळे झटका पलीकडे पोचतो आणि परत येतो. तिकडे या थरथरीला ‘डेथ वॉबल’ असं भयंकर नाव आहे. त्यांच्याकडे कॉइल स्प्रिंग असल्यामुळे अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून ट्रॅक बार नावाची आणखी एक दांडी असते आणि निम्मं दुखणं तिच्या बुशात असतं. पाट्यांच्या गाडीत ते काम पाटेच करतात, म्हणून तिकडचा प्रत्येक सल्ला आपल्याला लागू होत नाही. आपल्याकडे जुनी जीप, जिप्सी आणि पाट्यांवरच्या पिकअप या डॅम्परच्या गाड्या. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा हायलक्स यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन (दात्यांच्या दांडीवर चालणारं) स्टेअरिंग आहे. तिथे थरथर असेल तर डॅम्पर शोधत बसू नका, चाकं आणि जॉइंट बघा.

घ्यायचाच ठरला तर आधी मोजपट्टी. चाकं पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि सरळ, अशा तिन्ही वेळी दोन माउंटिंगमधलं अंतर मोजा. समजा एका टोकाला ते ३४ सेंटिमीटर आलं आणि दुसऱ्या टोकाला ५२. तर डॅम्परची बंद लांबी ३४हून कमी आणि उघडी लांबी ५२हून जास्त हवी, दोन्हीकडे निदान सेंटिमीटरभर मोकळीक ठेवून. चाकं सरळ असताना पिस्टन साधारण मधोमध यायला हवा. लांबी कमी पडली तर स्टेअरिंगचा स्टॉपर लागण्याआधी डॅम्परच ताणून अडतो. मग वळण पुरत नाही, आणि एक दिवस माउंटिंग तुटतं. घाटातल्या उलट्या वळणावर ते व्हायला नको.

शॉकअप आडवा टाकून काम भागवणारेही आहेत. करू नका. साधा शॉकअप उभा राहण्यासाठी बनवलेला असतो. आडवा केला की आतली हवा तेलात मिसळते आणि मध्येच पोकळ जागा लागतात. शिवाय बहुतेक शॉकअप ओढताना जास्त आणि दाबताना कमी अडतो. स्टेअरिंगला दोन्ही दिशांना सारखाच विरोध लागतो.

गॅसचा की नुसत्या तेलाचा? गॅसच्या दाबाने तेलाला फेस येत नाही, हा खरा फायदा. पण तोच दाब दांडीला सतत बाहेर ढकलतो. दांडी १४ मिलिमीटरची आणि आत २० बार (हे दाबाचं एकक) दाब असेल, तर हा रेटा सुमारे ३१ किलोचा भरतो, आणि तो एकाच बाजूला. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत तो हाताला कळतो. गाडी हळूच एका अंगाला ओढत राहते. म्हणून एकटा डॅम्पर बसवायचा असेल तर मी तेलाचा किंवा कमी दाबाचा घेईन. समोरासमोर दोन बसवले तर रेटा एकमेकांना छेदतो, पण स्टेअरिंग जड होतं आणि वळणानंतर चाकं आपणहून सरळ व्हायला वेळ लावतात. अमेरिकेच्या सरळसोट रस्त्यांवर ते चालत असेल. आंबा घाटात एक वळण संपायच्या आत दुसरं सुरू होतं. तिथे आळसावलेलं स्टेअरिंग मला नको. मोठे टायर किंवा बाहेर काढलेल्या रिम लावल्या असतील तरच जास्त ताकदीचा विचार करा.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, खारा वारा. मासळीच्या गाडीतून वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी ठिबकतं, ते वेगळंच. डॅम्परच्या क्रोम दांडीवर गंजाचा बारीक फोड आला की तो आत-बाहेर होताना सील कापतो, आणि तेल गेलं. दांडीवर रबरी कव्हर असावं, पण खालच्या बाजूला पाणी निघायला भोक असलेलं. नाहीतर तेच कव्हर खारं पाणी धरून ठेवतं. पावसाळ्यात घरी आल्यावर गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुवा.

बारचं गणित जाडीत आहे. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे २५ मिलिमीटरच्या जागी २८चा टाकला तर तो सुमारे ५७ टक्के जास्त ताठ होतो. तीन मिलिमीटरला हलकं समजू नका. मागे फार ताठ बार आणि रिकामा हौदा असेल, तर पहिल्या पावसाच्या तांबड्या चिखलावर गाडीचं शेपूट सुटायला वेळ लागत नाही. बहुतेकांना नवा बार लागतच नाही. खड्ड्यात टक-टक आवाज येत असेल तर आधी लिंक आणि बुश बघा, खर्च कमी येतो.

आमच्या गाडीला दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड नवे घातले आणि अलाइनमेंट केली. तो जाड गॅसचा डॅम्पर मिस्त्रींनी काढून ठेवला आणि कंपनीचा जुनाच परत बसवला. बसवण्याआधी त्यांनी तो आडवा धरून पूर्ण ओढला, पूर्ण दाबला, सात-आठ वेळा. मध्ये कुठेही पोकळ लागला नाही, दांडी सरळ, तेलाचा ओलावा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मासळी भरून निघालो. ज्या पुलावर स्टेअरिंग नाचायचं, तिथे सांध्यावरून नुसता एक धक्का जाणवला, आणि गाडी सरळ पुढे गेली.