ईलीच्या वाळूतले लाल दाणे

स्कॉटलंडच्या फाइफ भागात, फोर्थच्या खाडीच्या उत्तर काठावर, ईली हे जुने मच्छीमार गाव आहे. त्याच्या धक्क्यावरून पूर्वेला दीपस्तंभाकडे चालू लागलो की थोड्याच वेळात एक लहानशी पुळण लागते. तिचे नाव रूबी बे. नावाला भुलून माणके शोधायला गेलो तर पदरी निराशाच यायची, कारण इथले ‘ईली रूबी’ माणिक नाहीतच. ते गार्नेट या दुसऱ्याच खनिजाचे दाणे आहेत. मला विचाराल तर माणकापेक्षा त्यांची गोष्ट जास्त रंगतदार आहे.

शोधायचे तर ओहोटीच्या वेळी जावे. ऊन तिरपे हवे आणि वाळू ओली. गुडघ्यावर बसून खडकांच्या खोबणींतली जाडसर रेती बोटाने सारायची. शंखशिंपल्यांचा चुरा, काळे-करडे कण, आणि मधेच मसुराच्या डाळीहूनही लहान, गडद लाल ठिपका. उन्हात धरला की डाळिंबाच्या दाण्यासारखा उजळतो. गार्नेट हा शब्दही लॅटिनमधल्या डाळिंबाच्या नावावरूनच आला आहे. ज्योतिषी सांगतात तो गोमेद याच कुळातला. ईलीच्या दाण्यांत मात्र मॅग्नेशियम भरपूर असते, त्यांना पायरोप म्हणतात.

दाणे खोबणींतच का सापडतात? पायरोप पाण्याच्या साडेतीन पटीहून जड, तर वाळूतली गार, म्हणजे क्वार्ट्झ, 2.65 पट. परतणारी लाट हलके कण ओढून नेते, जड मागे राहतात. सराफ कट्ट्याची धूळ पाण्यात खळबळून सोने काढणारे झारेकरी हेच करतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या जड खनिजाची काळी वाळू साचते तीही याच न्यायाने.

आता मान वर करून पुळणीच्या बाजूचा खडक पाहा. राखेचा आणि दगडगोट्यांचा घट्ट झालेला थर, मधे मधे ज्वालामुखीने फेकलेले धोंडे. आपण एका ज्वालामुखीच्या नळीत उभे आहोत! ढोबळमानाने 30 कोटी वर्षांपूर्वी इथे शिलारस वर चढला. दख्खनचा बेसाल्ट भेगांतून पसरत गेला. इथे मात्र वायूंनी फुगलेल्या शिलारसाने अरुंद नळ्या फोडल्या. सुमारे 30 किलोमीटर जाडीच्या कवचाखालून, म्हणजे पृथ्वीच्या प्रावरण नावाच्या थरातून, त्याने हे गार्नेट सोबत आणले.

वाट लवकर संपली म्हणून ते वाचले. पायरोपला भारी दाब मानवतो. दाब सुटला आणि उष्णता तशीच राहिली तर तो रेंगाळत विघटित होतो, कडेने दुसरी खनिजे धरतात. शिलारस सावकाश आला असता तर हा लाल रंग वरपर्यंत पोचलाच नसता.

राखेचा खडक मऊ. समुद्र तो कुरतडतो, दाणे सुटतात, पुन्हा खोबणीत येऊन बसतात. पुढच्या टोकावर अठराव्या शतकातला ‘लेडीज टॉवर’ उभा आहे. लेडी जेनेट अँस्ट्रुथर समुद्रस्नानाला इथे येई. तेव्हा गावात घंटा वाजवून लोकांना किनाऱ्यापासून दूर राहायला सांगत, असे सांगतात. आज तिथे घंटा नाही, वाटेल तितका वेळ वाकून रेती चाळता येते.