समुद्रातलं औषध: प्राण्याचं कोणतं, जिवाणूचं कोणतं?

'समुद्री जीवापासून कॅन्सरवर औषध' अशी बातमी आली की ट्रॅबेक्टेडिन आणि सॅलिनोस्पोरामाइड-ए या दोन रसायनांची सहज गल्लत होते. पहिलं प्राण्यापासून, दुसरं जिवाणूपासून, असा फरक मग कुणीतरी समजावून सांगतं. तो अर्धाच खरा आहे.

ट्रॅबेक्टेडिन मिळालं कॅरिबियन समुद्रातल्या एका सी-स्क्वर्टमध्ये. खारफुटीच्या मुळांना घोसानं चिकटलेला, नारिंगी झाक असलेला हा पिशवीसारखा प्राणी. टनभर गोळा केला तर औषध जेमतेम ग्रॅमभर! पुढे २०११ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं, की हे रसायन बनवणारी जनुकं प्राण्याची नाहीतच. त्याच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूची आहेत. हा भाडेकरू घर सोडून प्रयोगशाळेत वाढायला तयार नाही. म्हणून कारखान्यात स्यूडोमोनास या दुसऱ्याच जिवाणूकडून मिळताजुळता रेणू बनवून घेतात आणि पुढच्या रासायनिक प्रक्रियांनी त्याचं ट्रॅबेक्टेडिन करतात.

सॅलिनोस्पोरामाइडच्या मागे असा कुणी प्राणी नाही. बहामाजवळच्या समुद्रतळाच्या गाळात कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांना सॅलिनिस्पोरा हा जिवाणू सापडला. तो फ्लास्कमध्ये वाढतो, फक्त पाणी समुद्राचं लागतं. त्याच्यातला हा रेणू २००३ मध्ये जाहीर झाला.

खरी गंमत त्या रेणूतल्या क्लोरीनमध्ये आहे. हा क्लोरीन जिवाणू खाऱ्या पाण्यातूनच उचलतो. पेशीतली निकामी प्रथिनं तोडणारी प्रोटिएसोम नावाची यंत्रणा असते. सॅलिनोस्पोरामाइड तिलाच चिकटून ती बंद पाडतं, आणि ती बंद पडली की कॅन्सरची पेशी तग धरत नाही. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून मिळणाऱ्या ओम्युरालाइड या रेणूचा गाभा अगदी असाच आहे आणि तोही प्रोटिएसोमला चिकटतो, पण हळूहळू सुटतो. सॅलिनोस्पोरामाइड चिकटलं की क्लोरीन गळून पडतो, त्या जागी नवं कडं तयार होतं आणि सुटकेची वाटच बंद होते.

इतकं असूनही बाजी मारली ती ट्रॅबेक्टेडिननं. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा या कॅन्सरसाठी त्याला युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. सॅलिनोस्पोरामाइड मात्र मॅरिझोमिब या नावानं ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोहोचलं, पण नेहमीच्या उपचारांना त्याची जोड देऊनही रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही.