नव्या लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस: मोफत कुठला, मुदतीचा कुठला

चतुर्थीला गोव्यात साखळी गावी बहिणीकडे गेलो होतो. आरती झाली, नेवऱ्यांचं ताट फिरलं आणि भाचीने लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. जूनमध्ये कॉलेज सुरू होताना घेतलेला. पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उघडली होती: तुमच्या संरक्षणाची मुदत संपत आली आहे, आजच पैसे भरा. भाची म्हणाली, "मामा, दुकानदाराने तर अँटिव्हायरस फ्री आहे म्हणून सांगितलं होतं. मग आता पैसे कसले?"

दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. 'फ्री' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि तिथेच घोळ होतो. पहिली गोष्ट विंडोजमध्येच असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. तो खरोखर मोफत आहे, त्याला मुदत नाही, आणि नवे विषाणू ओळखण्याची माहिती त्याला विंडोज अपडेटमधून मिळत राहते. दुसरी गोष्ट म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने आधीच भरून दिलेला एखादा विकतचा अँटिव्हायरस. तो 30 दिवस, कधी वर्षभर फुकट चालतो. ही ट्रायल. आज पैसे घेत नाही, पुढे मागणार.

बहुतेकांना माहीत नसतं ते असं, की हे दोघे एकाच वेळी पूर्ण पहारा देत नाहीत. दुसरा अँटिव्हायरस चालू दिसला की विंडोज डिफेंडरला आपोआप बाजूला करतं. ते बरोबरच आहे, कारण दोघेही उघडलेली प्रत्येक फाइल तपासायला धावले तर मशीन मंदावतं आणि एकाच फाइलवरून दोघांची ओढाताण होते. पण परिणाम काय? मोफतचा पहारेकरी घरात असूनही गप्प बसतो आणि मुदतीचा दारात उभा राहतो. मुदत संपली तरी तो प्रोग्रॅम निघून जात नाही, तिथेच बसून पैसे मागत राहतो. तो काढून टाकला की डिफेंडर स्वतःहून पुन्हा चालू होतो. नवीन काही उतरवून घ्यावं लागत नाही. भाचीला हे सांगितल्यावर तिला खरंच वाटेना.

पैशांची बाजू जरा नीट सांगतो, कारण नुकसान इथेच होतं. ट्रायल चालू करताना किंवा पहिल्या वर्षाच्या सवलतीत कार्डाचा नंबर दिला, तर बहुधा आपोआप नूतनीकरणाला संमती दिली जाते. दुसऱ्या वर्षी सवलत नसते, पूर्ण किंमत लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा आपोआप वसुलीला पहिल्या वेळी ओटीपी लागतो, पण 2022 पासून 15,000 रुपयांपर्यंतची पुढची वसुली ओटीपीशिवाय होऊ शकते. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवायचं असतं. तो एसएमएस जाहिरातींच्या गर्दीत वाचायचा राहून जातो. मोबाइलमध्ये बँकेचे संदेश वेगळे ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

जुन्या लोकांच्या मनात डिफेंडरबद्दल अढी आहे, आणि तिला कारण होतं. 2006 साली तो आला तेव्हा फक्त हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पकडायचा. पूर्ण अँटिव्हायरस तो 2012 च्या विंडोज 8 पासून झाला. आज जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थांच्या चाचण्यांत तो विकतच्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने उभा असतो. त्याची एक उणीव मात्र आपल्याकडे जाणवण्यासारखी आहे. संशयास्पद फाइल ओळखताना तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो, त्यामुळे नेट नसताना त्याची पकड ढिली पडते. पावसाळ्यात आमच्या सत्तरी तालुक्यात वीज गेली की पाठोपाठ नेटही जातं. अशा वेळी झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राइव्ह लावू नका. नेट आलं की लावा, त्यावर राइट क्लिक करून स्कॅन करा, मगच फाइल उघडा. आपल्या मुलांच्या लॅपटॉपला रोजचा धोका बाहेरच्या हॅकरपेक्षा या हातोहात फिरणाऱ्या पेन ड्राइव्हचा आणि फुकट उतरवलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरचा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

जाता जाता आणखी एक गोंधळ: 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' नावाचं एक वेगळं ॲपही आहे आणि त्याला मायक्रोसॉफ्ट 365 ची वर्गणी लागते. मशीन सांभाळणारा डिफेंडर अँटिव्हायरस तो नव्हे. वर्गणी मागणारी खिडकी दिसली तर घाबरून पैसे भरू नका.

बिटडिफेंडर, अवास्ट, एव्हीजी, अविरा यांच्या कायम मोफत आवृत्त्याही आहेत. त्या ट्रायल नाहीत, हे कबूल. पण विकतची आवृत्ती घ्या म्हणून त्या सतत टोचतात, आणि मोफत वस्तूचा खर्च कुठून निघतो हे विचारायलाच हवं. अवास्टने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली. ते उघड झाल्यावर जानेवारी 2020 मध्ये जम्पशॉट बंद करण्यात आली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. डिफेंडर हाताशी असताना घरगुती वापरासाठी मी यांच्या वाटेला जात नाही. लॅपटॉपमध्ये आधीच काही शिरलं असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर साफसफाईची मोफत साधनं मिळतात. 2017 मध्ये सुरू झालेल्या या केंद्राला पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांनी साधनं दिली आहेत. मात्र ती झाडून काढण्यासाठी आहेत, रोजच्या पहाऱ्यासाठी नाहीत.

लाल चौकट खरी की खोटी हेही पाहावं लागतं. पुष्कळदा ती अँटिव्हायरसची नसतेच. एखाद्या वेबसाइटवर नकळत 'अलाऊ' दाबलं की ब्राउझरमधून अशाच दिसणाऱ्या सूचना येतात, ओळखीच्या कंपनीचं चिन्ह लावून. सूचनेखाली वेबसाइटचा पत्ता दिसला तर ती ब्राउझरची समजा. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढा. तिथे पैसे भरलेच गेले असतील तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा.

भाचीची चौकट खऱ्या कंपनीची होती. आम्ही सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून तो प्रोग्रॅम काढला आणि मशीन रीस्टार्ट केलं. मग विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' पाहिलं. डिफेंडर जागा झाला होता. तिथेच खाली रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) भागात 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' असतं. अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या कागदपत्रांत हात घालू न देणारी ही सोय मुळात बंद असते, ती चालू केली. कधीमधी ती चांगल्या प्रोग्रॅमलाही अडवते, तेव्हा त्याला नावानिशी परवानगी द्यावी लागते. तेवढा त्रास मला मंजूर आहे. वाचलेल्या पैशांत एक बाहेरची हार्ड डिस्क घे, प्रोजेक्ट तिच्यावर ठेव आणि काम झालं की ती काढून ठेव, असं तिला सांगितलं. ट्रायल सुरू करताना कार्ड भावोजींचं दिलं होतं. म्हणून शेवटी त्यांचा फोन मागून घेतला, बँकेच्या ॲपमध्ये त्या कंपनीच्या नावावरचं ऑटो-पे शोधलं आणि त्यांच्यासमोरच रद्द केलं.